डोंगरापलीकडची तूट

आमच्या ऑफिसातल्या काकांचा हात सढळ नसता तर माझ्या बहिणीची लाँड्री बंद पडली असती, आणि ती मीच बंद पाडली असती, माझ्या सहीनिशी. त्याच सढळ हातावरून मी त्यांच्यावर इतकी वर्षं करवादत आले. आता त्यांच्याकडे बघून गप्प बसते, आणि बाकीच्या लोकांना वाटतं माझी तब्येत बरी नाही.

आमचं ऑफिस एका डोंगरी नदीच्या खोऱ्याचं. मी तिथे पाण्याचा हंगामी ताळेबंद करते. हिवाळ्यात वरच्या डोंगरांवर किती बर्फ पडला, ऊन तापल्यावर त्यातला किती वितळला, त्यात पाऊस किती मिसळला, ही झाली आवक. वाफ होऊन किती उडालं, झाडांनी किती प्यायलं, जमिनीत किती मुरलं आणि नदीतून आमच्या धरणात किती उतरलं, ही जावक. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, कारण पाणी काही हवेत अदृश्य होत नाही, आणि जेवढं होतं तेवढं आम्ही वाफेत धरलेलं असतं. पण त्या सारख्या येत नाहीत. ज्याच्या येतात त्यानं कुठेतरी गुपचूप आकडा दाबलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी बैठकांमध्ये बोलून दाखवते. त्यामुळे बैठकांचं मला उशिरा कळवतात.

बर्फ मोजायची आमची रीत साधी आहे. लांब पोकळ नळी बर्फात तळापर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट उपसून काढायची आणि काट्याला लटकवून वजन करायचं. वजनावरून पाणी कळतं. काटा दोन खुणांच्या मध्ये थांबला की काका वरची खूण लिहितात.

"काका, खालची का नाही?"

"असू दे थोडं जास्त, मॅडम."

हे 'असू दे थोडं जास्त' आमच्या ऑफिसच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. स्टोअरवाल्या बाईकडे दोरी मागा, ती हातभर जास्त देणार. ड्रायव्हर टाकी भरूनही वर एक कॅन घेणार. चहात साखर पडते तीही त्याच हिशोबानं. काका तर या पंथाचे प्रमुखच. उपकरणांची देखभाल, मोजमापाच्या मोहिमा, सगळं त्यांच्याकडे असतं आणि प्रत्येक गोष्टीत ते एक मूठ वरून घालतात. या सगळ्यांची वरची मूठ माझ्या ताळेबंदात येऊन साचते आणि मी ती निस्तरत बसते. "मॅडम घरी आमटीत मीठसुद्धा वजन करून घालत असतील," असं काका एकदा माझ्या पाठीमागे म्हणाले. मी वळून म्हटलं, "घालते." ते खरं आहे.

तर आमच्या खोऱ्यात एक जुनं दुखणं होतं. दर हंगामाला आवक जास्त आणि जावक कमी. सगळ्यांच्या वरच्या मुठी काढून टाकल्या तरी बरंच पाणी बेपत्ता राहायचं, विशेषतः बर्फ वितळण्याच्या महिन्यांत. माझ्या आधीच्या माणसानं ते दरवर्षी 'खोल मुरलेलं पाणी' या नावाखाली ढकललं होतं. मला ते पटेना. मुरलेलं पाणी कुठे ना कुठे निघतंच. जमीन म्हणजे काही आमच्या मोठ्या साहेबांचं कपाट नव्हे, की आत गेलेली फाईल पुन्हा दिसायलाच नको.

मग एका मोहिमेत काकांना आणि मला घसा सापडला. उंचावर, बर्फाच्या रेषेच्या जरा खाली एक गवताळ खोलगट भाग आहे. त्यात चारी बाजूंनी ओहोळ येतात, एकत्र होतात, चांगला जोमदार ओढा बनतो, आणि एका चुनखडीच्या कड्यापाशी जाऊन तो ओढा सरळ जमिनीत शिरतो. भोकाच्या तोंडाशी वाकलं की खालून घटाघट आवाज येतो. काका म्हणाले, "हा घसाच आहे डोंगराचा." नाव चिकटलं. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात ओढ्याचा अंदाज घेतला आणि माझ्या लक्षात आलं, की माझी तूट डोळ्यांसमोर खाली उतरते आहे.

मला किती आनंद झाला ते सांगून खरं वाटायचं नाही. इतक्या वर्षांनी चोर सापडला होता. मी धावतपळत ऑफिसात अहवाल दिला, आणि मोठ्या साहेबांनी तो वाचून विचारलं, "बुजवता येईल?"

साहेब वाईट माणूस नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या शहरात पाणी एक दिवसाआड येतं. लोक त्यांच्या दाराशी येतात, बायका रिकाम्या बादल्या त्यांच्या टेबलावर ठेवून जातात. घसा काँक्रीटनं बुजवायचा आणि तो ओढा पाटानं वळवून नदीत आणायचा, म्हणजे तो धरणात उतरेल, हा विचार कोणालाही सुचला असता. मला स्वतःला तो आवडला होता. एकच अडसर होता. आमच्या नियमानुसार असं काही बुजवण्याआधी ते पाणी कुठे निघतं ते शोधावं लागतं. कुठेच निघत नसेल, वायाच जात असेल, तर तसं लिहून ताळेबंद करणाऱ्यानं सही करायची. म्हणजे मी.

पाणी कुठे निघतं हे शोधायला त्यात रंग सोडतात. विटकरी पूड असते, पाण्यात पडली की पोपटी होते. अगदी निरुपद्रवी. डोळ्यांचे डॉक्टर हाच रंग डोळ्यात थेंबभर घालून तपासणी करतात. तो इतका विरळ सोडायचा असतो की नुसत्या नजरेला दिसूच नये. जिथे जिथे पाणी निघण्याची शक्यता असेल तिथे कोळशाच्या छोट्या पुरचुंड्या लटकवायच्या, कोळसा रंग शोषून घेतो, आणि मग प्रयोगशाळेत तो धुऊन यंत्राखाली बघायचा. आम्ही आमच्या बाजूचा एकही झरा सोडला नाही. ओढे, नाले, नदीचे काठ, सगळीकडे पुरचुंड्या बांधल्या.

डोंगराच्या पलीकडे एकही बांधली नाही. पलीकडे दुसरं खोरं, दुसरी नदी, दुसरं ऑफिस. नकाशावर डोंगराच्या कण्यावरून जाडजूड रेघ काढलेली असते. रेघेच्या अलीकडे पडलेलं पाणी अलीकडे वाहतं आणि पलीकडे पडलेलं पलीकडे, हे मी पहिल्या वर्षी शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्यावर चांगले गुणही मिळवले होते.

आणि पलीकडे ताई राहते.

ताई माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. तिनं आणि भाऊजींनी मला आपल्याकडे नेलं. ते दोघं पलीकडच्या गावातल्या दवाखान्याच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट धुतात. घराच्या मागेच डोंगरातून मोठा झरा निघतो, बर्फासारखा थंड, आणि त्यावर त्यांची लाँड्री, दवाखाना आणि निम्मं गाव चालतं. इस्त्रीच्या टेबलाच्या एका टोकाला मी अभ्यास करायचे, दुसऱ्या टोकाला ताई इस्त्री फिरवायची. माझं सगळं शिक्षण त्या चादरींच्या जिवावर झालं. त्या झऱ्याचं पाणी पिऊन मी वाढले, पाण्याचं शास्त्र शिकले, आणि ते पाणी कुठून येतं हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. जे घरातच असतं त्याची चौकशी कोण करतं.

रंगाचं प्रमाण काकांनी काढलं. पाणी आपल्या नदीतच निघणार हे धरून त्यांनी सगळ्या नदीला पुरेल इतका रंग धरला आणि सवयीप्रमाणे वर एक मूठ घातली. कागद माझ्याकडे तपासायला आला. यंदा वर बर्फ भरपूर होता, ओढे फुगलेले होते. मी म्हटलं, "काका, पाणी जास्त आहे. थोडा वाढवा."

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय?"

"असू दे थोडा जास्त," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग कागद स्टोअरमध्ये गेला. स्टोअरवाल्या बाईनं फोडलेला डबा परत घ्यायला नको म्हणून सगळे डबे अख्खेच दिले. वर गेल्यावर काकांनी मोजून रंग सोडला, आणि शेवटच्या डब्यात उरला तोही सोडला, कारण ती पूड उघड्या डब्यातून सांडली की गाडी, कपडे, माणसं सगळं रंगतं. मी तिथेच उभी होते. घशात पाचूसारखं पाणी गेलं आणि नाहीसं झालं. दिसायला फार सुंदर होतं.

त्यानंतर आम्ही वाट बघत बसलो. पुरचुंड्या येत होत्या, धुतल्या जात होत्या. यंत्र काही दाखवेना. कोळसा काळा तो काळाच. आठवडा उलटला, दुसराही सरत आला. काका रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहायचे आणि मान हलवून परत जायचे.

साहेबांनी मला बोलावलं. "निघत नाही ना कुठे?"

"अजून तरी नाही."

"म्हणजे वायाच जातंय. वाया जाणारं पाणी अडवलं तर कोणाच्या तोंडचा घास काढल्यासारखं होत नाही. खाली माणसं बादल्या घेऊन उभी आहेत हो. तुम्ही ताळेबंद पुरा करा."

मी जागेवर आले, हंगामाचा ताळेबंद उघडला, आवक तपासली, जावक तपासली, आणि तुटीसमोर लिहिलं: 'खोल मुरून नष्ट.' माझ्या आधीच्या माणसाला मी ज्या शब्दांवरून नावं ठेवली तेच जवळजवळ. प्रत काढली, सहीची जागा वर येईल अशी टेबलावर ठेवली, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात फोन वाजला.

"कामात आहेस का गं?" ताई होती. ती कधी कामाच्या वेळात फोन करत नाही.

"आहे. बोल."

"मग राहू दे."

"ताई, बोल ना."

"तू पाण्याच्या खात्यात ना, म्हणून तुला विचारते. पाणी हिरवं होतं का कधी?"

"होतं. शेवाळानं."

"शेवाळ मला कळतं गं. हे पोपटी आहे. चादरी झाडून सगळ्या पोपटी झाल्यात. दोनदा उकळल्या तर आणखीच खुलल्या. दवाखान्याची मेट्रन येऊन बघून गेली, काही बोलली नाही, नुसती बघून गेली. आणि तुझे भाऊजी म्हणतात, तू साबण बदलला असशील. मी कशाला बदलू साबण?"

पेन माझ्या हातातच होतं. मी ते टोपण लावून खाली ठेवलं. "झरा बघितलास?"

"झराच तसला आहे. काल सकाळपासून. उन्हात नुसता चमकतोय. बघायला सगळं गाव लोटलंय, पण प्यायची कोणाची छाती होत नाही. लहान मुलं रडतायत. टँकर मागवलाय, तो यायचा तेव्हा येईल."

"त्यानं कोणाला काही होत नाही, ताई. सगळ्यांना सांग. प्यायलं तरी चालतं."

"तुला कसं माहीत?"

"तो रंग आमचा आहे."

फोनमध्ये मागून झऱ्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "तुमचा कसा असेल? तुम्ही कुठे, आम्ही कुठे."

ती प्रत मी तशीच उचलली आणि साहेबांच्या खोलीत गेले. काकांनाही बोलावून घेतलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि आधी पटवून घ्यायला नकार दिला. कोणी कारखान्यानं काही सोडलं असेल, योगायोग असेल. मी म्हटलं, "बाटली भरून आणू, यंत्राखाली ठेवू. आपलाच निघाला तर?" साहेब खिडकीकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला दिसत होतं. एका गावाचं पिण्याचं पाणी न विचारता रंगवलं, याबद्दल वरून काय काय येणार होतं ते. ते हवं तर म्हणू शकले असते, की दुसऱ्या खोऱ्याचं दुसरं ऑफिस बघून घेईल. त्यांनी टोपी उचलली आणि म्हणाले, "मीही येतो."

त्या क्षणापासून मी त्यांना मनापासून मान देते. त्यांच्या कपाटासकट.

डोंगर पक्ष्याला हाकेच्या अंतरावर असला तरी रस्त्याला तसा नाही. गाडी त्याला पुरता वळसा घालून जाते, निम्मा दिवस मोडतो. यंत्र मांडीवर घेऊन काका मागे बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर हे कपाळी आलं माझ्या."

"मीही वाढवा म्हटलं होतं, काका."

"ते मी कोणाला सांगणार नाही."

"मी सांगणार आहे."

ते खिडकीबाहेर बघू लागले. साहेब पुढून, न वळता म्हणाले, "रंग बरोबर प्रमाणात टाकला असता तर काय झालं असतं?"

मी वाटेत हाच हिशोब करत होते. "तो पलीकडे निघाला असता, पण कोणाच्या नजरेस आला नसता. पलीकडे आपली एकही पुरचुंडी नाही. आपण कोरे कोळसे धुऊन सही केली असती."

लाँड्रीच्या अंगणात सगळ्या दोऱ्यांवर पोपटी चादरी वाळत होत्या. ताई त्यांच्यामधून वाट काढत आली. माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "चहा टाकते, पण तो हिरवा होईल." काकांनी झऱ्यावर बाटली भरली आणि इस्त्रीच्या टेबलावर यंत्र मांडलं. यंत्राची तशी गरजच नव्हती. झरा बघूनच साहेब मटकन पायरीवर बसले होते.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. अंगण भरलं. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा रंग आम्ही सोडला, तो तुमच्याकडे येईल असं आम्हाला वाटलं नाही, तुम्हाला कळवलं नाही, आमचं चुकलं. मग व्हायचं ते झालं. लोक तावातावानं बोलले. लेकराबाळांना दोन दिवस कोरडं ठेवलं, आजारी माणसं घाबरली, तुम्हाला विचारणारं कोणी आहे की नाही. साहेब मान खाली घालून ऐकत राहिले. भाऊजी मधे काही बोलायला गेले तर ताईनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. लोकांचं खरंच होतं.

दवाखान्याची मेट्रन तोवर दोरीजवळ उभी होती. तिनं मला विचारलं, "पण तुम्हाला हे शोधायचंच कशाला होतं?"

मी सांगितलं. घसा, ओढा, आमची तूट, धरण, काँक्रीट. मी सहीला बसले होते तेही सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं.

"म्हणजे ते भोक बुजवल्यावर इथे काय आलं असतं?"

"झरा आटला असता."

"सगळा?"

"जवळजवळ सगळा."

"आणि का आटला ते कोणाला कळलंही नसतं."

"नाही. आम्हालाही नाही."

मागे झऱ्याचा आवाज तेवढा चालू होता, आणि मला वाटतं तिथल्या बहुतेकांनी तो कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ऐकला असेल. मेट्रननं एक चादर दोरीवरच जरा सरळ केली. "इतका रंग ओतला कोणी?"

काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. मीही केला. मग साहेबांनी केला, त्यांचा काही संबंध नव्हता तरी.

मेट्रन आत गेली, खुर्ची घेऊन आली आणि काकांसमोर ठेवली. "बसा," म्हणाली. "फार बरं केलंत." काका बसले, आणि चष्मा पुसायचं निमित्त करून बराच वेळ खाली बघत राहिले. नंतर कोणीतरी हसलं, कोणीतरी विचारलं हा रंग जातो का. उन्हात उडतो, आठवड्याभरात उडेल, मी म्हटलं. तोपर्यंत दवाखान्यात पेशंट पोपटी चादरींवर झोपतील, मेट्रन म्हणाली, तेवढंच वॉर्डात जरा बरं दिसेल. आणि तिनं समोरच झऱ्याखाली पेला धरला, भरला आणि सगळ्यांदेखत प्यायली. तिच्या मागून एकेक जण गेला.

घसा बुजवायचा बेत तिथेच मोडला. साहेबांनी परतताना गाडीतच तसा मजकूर सांगितला आणि काकांनी तो लिहून घेतला. मी एकटी मागे राहिले. झऱ्याचं पाणी मोजायचं होतं हे खरं, पण मोजायला इतके दिवस लागत नाहीत. झऱ्याचा आकडा माझ्या तुटीच्या इतका जवळ आला की मी पुन्हा एकदा मोजलं, चिडायला काही कारण मिळतं का ते बघायला. मिळालं नाही.

निघायच्या आदल्या दुपारी ताई आणि मी अंगणात चादरींच्या घड्या घालत होतो. रंग उडत आला होता. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे, ताणायची, दुमडायची, चालत एकमेकींकडे यायचं. लहानपणी केलेलं हात विसरत नाहीत.

"एक विचारू?" ती म्हणाली. "माझा फोन आला नसता तर तू केली असतीस सही?"

खोटं बोलता आलं असतं. "हो, ताई. केली असती."

तिनं चादर ताणली. मी माझी बाजू ताणली. ती चालत जवळ आली, माझ्या हातातली टोकं घेतली, घडी छातीशी धरून उभी राहिली.

"आणि मग झरा आटल्यावर मी तुलाच फोन केला असता," ती म्हणाली. "तू पाण्याच्या खात्यात ना, म्हणून."

मला रडू कोसळलं. मी तिला म्हटलं, की तू मला उचलून आणलंस, वाढवलंस, शिकवलंस, आणि मी शिकून तुझ्याच पाण्यावर उठले होते, आणि तुझे उपकार मी कधी बोलूनसुद्धा दाखवले नाहीत. आमच्यात असं बोलत नाहीत. पण मी बोलले, सगळं बोलले, नाक ओढत. ताईनं घडी ठेवली, पुढची चादर दोरीवरून काढली आणि तिची दोन टोकं माझ्या हातात दिली.

"नीट धर," ती म्हणाली. "जमिनीला लागेल."

आता उन्हाळा संपत आलाय. आमच्या धरणाची पातळी खाली गेली आहे आणि शहरात पाणी पुन्हा एक दिवसाआड येतं. साहेब आता दाराशी आलेल्या लोकांना बसवून सगळं समजावून सांगतात आणि गळक्या नळवाहिन्यांच्या मागे लागले आहेत. त्यात बरंच पाणी वाचेल असा माझा अंदाज आहे. हंगामाच्या ताळेबंदात मी तुटीची ओळ काढून टाकली आणि तिथे नवी ओळ घातली, 'शेजारच्या खोऱ्याकडे'. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या. जो थोडा फरक राहिला तो मी तसाच राहू दिला.

काल सकाळी नवऱ्यानं स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळ जरा फुसफुसला आणि गप्प झाला.

"गेलं वाटतं पाणी," तो वैतागून म्हणाला. "एवढा बर्फ पडला यंदा. जातं कुठे?"

"ताईकडे," मी म्हटलं.

तिच्या घरून आमच्या घरी काय काय आलं ते त्यालाही माहीत आहे. माझ्याकडून तिकडे जायला इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी होतं, आणि तेही काही मी दिलेलं नव्हे, मी फक्त ते बंद करता करता राहिले होते. पण जात होतं. मी उभ्या उभ्या नुसती त्या कोरड्या नळाकडे बघत राहिले, आणि इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

त्यानं नळ बंद केला. "मग असू दे," म्हणाला, आणि बादली उचलून शेजारी पाणी मागायला गेला.